चॅटची जागा बदलायची आहे. जुने निर्णय नव्या माणसाला वाचता यावेत यासाठी काय वापरू?

बोरीकाठ, अमळनेर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण पूर्ण हकीकत कळल्याशिवाय कुणाला नेमका सल्ला देता येणार नाही, म्हणून सगळं लिहितो.

माझं अमळनेरला डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, दशक्रियेची कार्डं असं काम. २०१६च्या लग्नसराईत एका गिऱ्हाइकाने मुलीची पत्रिका अहिराणीत करायला सांगितली. लिब्रेऑफिसमध्ये मजकूर टाकला, तर मराठीच्या स्पेलचेकने पत्रिकाभर लाल रेघा मारल्या. ‘आंडेर’ चूक, ‘बठ्ठा’ चूक, ‘डोया’ चूक. माझ्या आजीची अख्खी बोली त्या पडद्यावर चुकीची ठरली होती. त्या रात्री शटर ओढून घेतलं आणि त्या स्पेलचेकमागे जो हनस्पेल नावाचा प्रोग्राम असतो, त्याची फाइल उघडून पाहिली. एका ओळीवर एक शब्द, आणि प्रत्यय कसे लागतात याची दुसरी फाइल. हे आपल्याच्यानं होईल असं वाटलं, आणि अहिराणीची तशी फाइल करायला लागलो. आज आम्ही नऊ जण आहोत. फाइल मुक्त परवान्याखाली गिटवर आहे, म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या जागी. कुणीही घ्यावी, वापरावी, सुधारावी.

फाइल एका जागी आहे, बोलणं मात्र दोन जागी चालतं. सुरुवातीला फ्रीनोड या फुकट नेटवर्कवर आयआरसीचं, म्हणजे नुसत्या मजकुराच्या जुन्या चॅटचं, चॅनल काढलं होतं. मे २०२१ मध्ये फ्रीनोड चालवणारे स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा उभं केलं, तेव्हा आम्हीही तिकडे गेलो. पण आयआरसीवर आम्ही चौघंच. बाकीचे पाच जण शिक्षक, शेतकरी, एक ताई अंगणवाडीत. ते व्हॉट्सॲपवर. इकडचं तिकडे सांगायचं काम माझ्याकडे.

आता ज्यामुळे हा प्रश्न टाकतोय ते सांगतो. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, धुळ्याचं धुये, जळगावचं जयगाव. पण अहिराणी लिहिणारे काही जण ‘ळ’ कायम ठेवतात. मग फाइलमध्ये काय ठेवायचं? २०१९च्या उन्हाळ्यात यावर तीन आठवडे वाद झाला. चांगला वाद झाला, अभ्यासाने झाला. शेवटी ठरलं की दोन्ही रूपं बरोबर धरायची, पण सुचवताना ‘य’चंच रूप सुचवायचं. हनस्पेलमध्ये त्यासाठी ‘नोसजेस्ट’ नावाची खूण असते. ती लावली की शब्द चूक ठरत नाही, फक्त सुचवला जात नाही. ‘ळ’च्या सगळ्या शब्दांना आम्ही ती लावली.

गेल्या दिवाळीत शिरपूरकडच्या एका विद्यार्थिनीने ही फाइल पाहिली. तीनशेहून जास्त शब्दांना ती खूण लागलेली दिसली, तिला वाटलं चुकून राहिली आहे. अकरा दिवस बसून तिने प्रत्येक शब्द तपासला, जाता जाता ऱ्हस्व-दीर्घाच्या खऱ्या चुकाही दुरुस्त केल्या, खुणा काढल्या आणि बदल पाठवला. मी दोन ओळींत उत्तर दिलं, ‘हे २०१९ मध्येच ठरलं आहे, बदलता येणार नाही.’ तिने फार नम्रपणे विचारलं, ‘कुठे ठरलं, सर? मला वाचायला मिळेल का?’

माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. अर्धा वाद आयआरसीवर झाला होता. आयआरसी काही साठवत नाही, तुम्ही हजर असाल तेवढंच तुम्हाला दिसतं. माझा लॉग जुन्या कॉम्प्युटरवर कुठेतरी होता. उरलेला अर्धा वाद व्हॉट्सॲपवर, आणि तो फोन बदलून तीन वर्षं झाली होती. तिने बदल मागे घेतला आणि पुन्हा आली नाही. तिचं काही चुकलं नव्हतं. हे मला अजून लागून राहिलं आहे.

आयआरसीची दुसरी अडचण देवनागरीची आहे. एक संदेश ५१२ बाइटचा, त्यात चॅनलचं नाव, पाठवणाऱ्याचा पत्ता सगळं आलं. मजकुराला चारशेच्या आसपास उरतात. आपलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि काना, वेलांटी, हलंत वेगळे मोजले जातात. ‘स्त्री’ हा एवढासा शब्द १८ बाइटचा. इंग्रजीवाल्याला चारशे अक्षरं मिळतात तिथे आपल्याला साधारण १३० चिन्हं. शब्दाची व्युत्पत्ती समजावायला घेतली की वाक्य मध्येच तुटतं, आणि आयआरसीच्या जुन्या ॲपवर तर अक्षरच मधून कापलं जाऊन प्रश्नचिन्हाची चौकट उमटते. भाषेचं काम करणाऱ्यांना हे फार जाचतं.

मला हवं ते असं: खातं न काढता कुणालाही जुनी चर्चा वाचता यावी. साध्या फोनवर चालावं. बाईमाणसाला स्वतःचा मोबाइल नंबर सगळ्यांसमोर उघडा करावा लागू नये. आणि उद्या जागा सोडायची वेळ आली तर सगळं बरोबर नेता यावं. एका कंपनीच्या फुकट चॅटवर २०२० मध्ये आठ महिने काढले होते. जुने संदेश पैसे भरल्याशिवाय दिसेनासे झाले, म्हणून ही शेवटची अट.

मॅट्रिक्स, झुलिप, डिस्कॉर्ड, मॅटरमोस्ट अशी नावं ऐकतोय. ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सांगा. शिवाय दुकानात एक जुना डेस्कटॉप पडून आहे, ४ जीबी रॅमचा. त्यावर स्वतःचा सर्व्हर चालवावा का?

———

यार्डातले नाना, भुसावळ

भाऊ, त्या चौघांमधला एक मी, म्हणून आधी आयआरसीच्या बाजूने बोलतो. १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी हे लिहिलं. तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे, कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचं नाही. मोबाइलला एकच काडी रेंज असताना, चालत्या पॅसेंजरमध्ये मी यावर बोललो आहे. दुसरं कुठलंही ॲप तिथे नुसतं फिरत बसतं.

आयआरसी जिथे होतं तिथेच राहिलं असंही नाही. आयआरसीव्ही३ नावाने त्यात भर पडत गेली, जुना इतिहास मागवायची सोय त्यात आली. एर्गो नावाचा सर्व्हर स्वतः संदेश साठवतो, वेगळा बाउन्सर, म्हणजे आपण नसताना हजर राहून संदेश साठवणारा प्रोग्राम, लागत नाही. द लाउंज नावाचं आयआरसीचं ॲप वापरलं तर ब्राउझरमध्ये नेहमीच्या चॅटसारखं दिसतं. पण यासाठी लिबेरा सोडून स्वतःचा सर्व्हर चालवावा लागेल, आणि तो रोज बघणारा माणूस लागेल.

आता त्या मुलीबद्दल. मी ३१ वर्षं स्टेशन मास्तर होतो. आमच्याकडे ड्युटी संपली म्हणून उठून जाता येत नाही. स्टेशन डायरीत लिहायचं, काय घडलं, काय बाकी आहे, कोणता पॉइंट दुरुस्तीला आहे. येणारा मास्तर ते वाचतो, सही करतो, मग चार्ज घेतो. रात्री दोन वाजता मागच्याला फोन करून विचारायची पाळी येत नाही. मागचा माणूस कितीही हुशार असो, त्याच्या डोक्यातलं पुढच्याला कागदावरच मिळतं. आपल्या गटात डायरी नव्हती. ती मुलगी चार्ज घ्यायला आली होती आणि टेबल रिकामं होतं.

म्हणून आयआरसी मला कितीही प्रिय असलं तरी ते माझ्यासाठी ठेवू नका. मी नवीन जागी येतो. एकच विनंती, निर्णय झाला की त्याच दिवशी दोन ओळी गिटमधल्या फाइलमध्येही जाऊ द्या. चॅट कितीही चांगलं असलं तरी डायरी वेगळी.

आणि त्या डेस्कटॉपवर सर्व्हर नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो, दुपारी लाइट जाते, आणि बंद शटरच्या आत तो डबा किती तापेल याचा विचार करा.

———

अनेरपार, मूळ चोपडा, सध्या पुणे

दादा, मी ज्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात काम करते तो २०२० मध्ये आयआरसीवरून मॅट्रिक्सवर गेला. त्या स्थलांतराचं बरंच काम माझ्याकडे होतं, त्यामुळे चुका कुठे होतात ते सांगू शकते.

तेव्हा आमच्यासमोर मोझिलाचं उदाहरण होतं. त्यांनी २०१९ मध्ये जाहीर केलं की आयआरसी सोडणार. मॅटरमोस्ट, रॉकेटचॅट, स्लॅक आणि मॅट्रिक्सवरचं रायट असे चार पर्याय लोकांना प्रत्यक्ष वापरून बघायला दिले, डिसेंबरमध्ये मॅट्रिक्स निवडलं, आणि मार्च २०२० मध्ये स्वतःचं आयआरसी बंद केलं. मला त्यातली पद्धत आवडली. लोकांना आधी वापरू दिलं, मग ठरवलं, आणि जुनं बंद करायची तारीख सांगितली. तारीख सांगितली नाही तर अर्धे लोक कायम जुन्याच जागी राहतात. तुम्ही नऊ जण आहात, तरी तारीख ठेवा.

मॅट्रिक्सची मोठी गोष्ट म्हणजे ती एक खुली भाषा आहे, ईमेलसारखी. तुमचं खातं एका सर्व्हरवर, माझं दुसऱ्यावर, तरी एका खोलीत बोलता येतं, आणि खोलीची प्रत प्रत्येक सर्व्हरवर राहते. गिटर नावाची चॅटची जागा २०२३ मध्ये मॅट्रिक्सवर हलवली गेली तेव्हा जुन्या खोल्यांमधले संदेशही आले. हे बंदिस्त जागेत झालं नसतं. केडीई, ग्नोम, फेडोरा ही लिनक्सवाली मंडळी आज मॅट्रिक्सवरच आहेत.

पण आमची एक चूक ऐका. उत्साहाच्या भरात आम्ही मुख्य खोलीला एन्क्रिप्शन लावलं. सुरक्षित म्हणजे चांगलं, एवढाच विचार. मग नवीन आलेल्या माणसाला मागचे संदेश उघडेनात, कारण त्याच्याकडे तेव्हाच्या किल्ल्या नव्हत्या. आणि मॅट्रिक्सच्या खोलीला एकदा एन्क्रिप्शन लावलं की काढता येत नाही. नवी खोली काढावी लागली, मागचे पाच महिने कुलपात राहिले. उघड्यावर चालणाऱ्या कामाच्या खोलीला कुलूप लावूच नये.

दुसरी गोष्ट पुलाची. आयआरसी आणि मॅट्रिक्स जोडणारा पूल आम्ही धरून चाललो होतो. लिबेरा आणि मॅट्रिक्समधला मोठा सार्वजनिक पूल २०२३ मध्ये बंद झाला आणि दोन्हीकडची माणसं एका रात्रीत वेगळी झाली. मॅटरब्रिजसारखी साधनं स्वतः चालवता येतात, पण त्यावर कायमचं घर बांधू नका, हलताना दोन महिने वापरा. व्हॉट्सॲपला पूल जोडायचा विचार तर सोडूनच द्या. तो अधिकृत नसतो, नंबर बंद होऊ शकतो, आणि तिथे बोलणाऱ्या मावशीला आपलं बोलणं बाहेर जातंय हे ठाऊकही नसतं.

फुकटच्या जागांबद्दल तुमचा अनुभव खरा आहे. स्लॅकने २०१८ मध्ये आयआरसीवरून येण्याची वाट बंद केली, २०२२ पासून फुकट योजनेत ९० दिवसांचाच इतिहास दिसतो. २०२५च्या जूनमध्ये कुबरनेटीससारख्या अवाढव्य मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पालाही त्यांची खास सवलत काही दिवसांत संपणार असं कळलं होतं. नंतर तो निर्णय फिरला, पण मधल्या काळात त्या लोकांची किती धावपळ झाली असेल! डिस्कॉर्ड बोलायला छान आहे, माझी भाची दिवसभर त्यावर असते, पण खात्याशिवाय आतलं वाचता येत नाही आणि सर्च इंजिनलाही ते दिसत नाही. तुमची पहिली अट तिथेच मोडते.

हे सगळं असूनही मी तुम्हाला मॅट्रिक्स सुचवत नाही, झुलिप सुचवते. कारण तुमचा प्रश्न विषयांचा आहे. झुलिपमध्ये प्रत्येक संदेशाला चॅनल असतं आणि त्याच्या आत विषय असतो. ‘उच्चार’ या चॅनलमध्ये ‘ळ की य’ हा विषय. आज कुणी बोललं, सहा महिन्यांनी दुसऱ्याने भर घातली, तरी दोन्ही एकाखाली एक दिसतात. मध्ये कुणी नाटकाच्या तिकिटांचं बोललं तर ते संदेश उचलून दुसऱ्या विषयात ठेवता येतात. निर्णय झाला की विषयावर ‘निकाली’ची खूण करता येते. रस्ट आणि लीन या भाषांचे लोक यावर वर्षानुवर्षं काम करतात. चॅनल सार्वजनिक ठेवलं तर खात्याशिवाय वाचता येतं. त्या मुलीला तुम्ही एक लिंक पाठवली असती आणि तीन आठवड्यांचा अख्खा वाद तिच्यासमोर उघडला असता.

२०१५ पासून तो मुक्त आहे. मुक्त प्रकल्पांना त्यांची पैशांची योजना फुकट मिळते, अर्ज करावा लागतो. सगळा मजकूर बाहेर काढून स्वतःच्या सर्व्हरवर चढवता येतो, म्हणजे तुमची शेवटची अटही पुरी होते. तुमच्या ४ जीबीच्या डेस्कटॉपवर झुलिप चालेल हो, २ जीबीतही चालतो. पण नानांशी मी सहमत आहे, नका चालवू. खातं ईमेलवर निघतं, नंबर कुणाला दिसत नाही.

मॅट्रिक्सच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने जी १४ ॲप बंद केली त्यांत मॅट्रिक्सचं एलिमेंट हे ॲपही होतं. मॅट्रिक्सला दुसरी ॲपही आहेत, पण पारोळ्याच्या शिक्षकाला तुम्ही ‘हे नाही तर ते टाका’ किती वेळा सांगणार?

त्या मुलीला तुम्ही नंतर काही लिहिलंत का?

———

हाटातला मास्तर, पारोळा

भाऊ, ‘पारोळ्याचा शिक्षक’ म्हणजे मीच, म्हणून लिहितो. नवा मानूस उना ते त्याले मांगलं दिखाले पाहिजे, हाई मनं बी मत शे. पण माझी अडचण वेगळी आहे.

मी शब्द टाइप करून आणत नाही, आवाजात आणतो. बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन आलेल्या म्हाताऱ्या बाया, आमच्या शाळेतल्या पोरांच्या आज्या. त्या बोलतात, मी त्यांना विचारून व्हॉइस नोट करतो आणि गटावर टाकतो. ‘डोया’ की ‘डोळा’ याचा पुरावा माझ्या मते त्या आवाजात आहे. अमळनेरकडची बाई कसं म्हणते, साक्रीकडची कसं म्हणते, यावलकडे गेलं की लेवा बोली सुरू होते तिथे कसं म्हणतात. लिहून दाखवलं की हा फरक मरतो. २०१९च्या वादात मी चौदा व्हॉइस नोट टाकल्या होत्या. त्यातल्या दोन बाया आज नाहीत.

म्हणून माझे दोनच प्रश्न. नव्या जागी आवाज टाकता येईल का, आणि तो दहा वर्षांनी वाजेल का? आणि कुणीही खात्याशिवाय वाचणार म्हणता, तर ऐकणार पण. त्या बायांनी मला गटासाठी हो म्हटलं होतं, सगळ्या जगासाठी नाही. जिवंत आहेत त्यांना मी पुन्हा विचारीन. गेलेल्यांच्या घरी जाऊन विचारीन. तोवर त्यांचे आवाज उघड्यावर टाकू नका.

नवं ॲप शिकायची माझी तयारी आहे. अंगणवाडीच्या ताईंना मी शिकवतो.

———

बोरीकाठ, अमळनेर

नाना, ताई, सर, तिघांचं दोनदा वाचलं. गेले आठ दिवस झुलिपवर आम्ही तिघं वापरून पाहतोय, म्हणून उत्तराला उशीर झाला.

सर, आवाज फाइल म्हणून चढतो. तुमच्या फोनवरून चढवून बघितला, नीट वाजला. पण तुम्ही परवानगीचं म्हणालात ते माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. आवाजांसाठी ‘हाटातले आवाज’ असं बंद चॅनल काढलं आहे, फक्त आपल्या नऊ जणांना दिसेल. तुम्ही ज्या घरून हो घेऊन याल तेवढाच आवाज उघड्या चॅनलमध्ये जाईल, आणि फाइलच्या नावात गाव आणि महिना राहील, बाईचं नाव नाही. मूळ प्रत दुकानातल्या दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर. तो डेस्कटॉप सर्व्हर होणार नाही, पण या कामाला आला.

नाना, तुमची डायरी सुरू केली. गिटमध्ये ‘निर्णय’ नावाची साधी मजकूर फाइल आहे. तारीख, काय ठरलं, का ठरलं, आणि झुलिपवरच्या विषयाची लिंक. पहिली नोंद ‘ळ की य’ची आहे. लिहायला घेतली तेव्हा कळलं की ‘सुचवायचं नाही’ हे मला आठवतं, पण अमुकच कारणाने, हे नीट आठवत नाही. सुचवण्यात दोन रूपं आली की नवशिका गोंधळतो हे एक कारण होतं. दुसरं कारण तुम्ही मांडलं होतं, पत्रिकेच्या छपाईशी त्याचा काहीतरी संबंध होता. ते तुम्हीच लिहा.

आयआरसीचं चॅनल ३१ मार्चला बंद करू. तोवर पूल ठेवतो. व्हॉट्सॲपचा गट राहू द्या, पण तिथे शब्दांचा निर्णय होणार नाही, लग्नकार्य आणि भेटीगाठींसाठी राहील.

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नव्हतं लिहिलं. परवा रात्री लिहिलं. तिचा पत्ता तिने पाठवलेल्या बदलातच होता. तुम्ही विचारलेला प्रश्न रास्त होता, उत्तर आमच्याकडे नव्हतं, असं सरळ लिहिलं आणि ‘ळ की य’ विषयाची लिंक दिली. ऱ्हस्व-दीर्घाच्या तिने केलेल्या दुरुस्त्या खुणांपासून वेगळ्या करून तिच्या नावाने फाइलमध्ये घेतल्या आहेत. ते मी गेल्या दिवाळीतच करायला हवं होतं. उत्तर अजून आलेलं नाही. परीक्षा चालू असतील.

आता एक मदत हवी आहे. जुन्या कॉम्प्युटरमधून आयआरसीचे लॉग निघाले, पण २०१९च्या १० मे ते २ जूनचे नाहीत, आणि वाद नेमका त्याच दिवसांतला आहे. आयआरसीवरच्या पुण्याच्या दोघांपैकी कुणाचा बाउन्सर तेव्हा चालू असेल तर त्याची लॉग फोल्डर बघा. कच्ची फाइल असली तरी चालेल, तारखा मी लावून घेतो.